शांघाय पिअर्स : टेक्सासचा हेडी

माणदेशात ज्याचे बालपण गेले त्याला खरसुंडीची यात्रा सांगायला नको. सिद्धनाथाच्या देवळापासून दूरवर माळावर खिल्लार जनावरांच्या दावणी लागलेल्या असत, आणि त्या दावणींमधून पिवळसर रुमाल बांधलेले, डोळ्यांत एक प्रकारची झोपाळू बेफिकिरी असलेले काही इसम फिरत असत. ते हेडी. जनावराच्या जबड्यात अंगठा घालून दात पाहायचे, आदत की दुसा, चौसा की जुळलेला हे एका क्षणात ठरवायचे, पाठीवर थाप मारायची आणि मग मालकाचा हात आपल्या रुमालाखाली घेऊन बोटांनी किंमत बोलायची. वर चेहरा असा की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत! एका दुष्काळी साली माझ्या वडिलांनी आमचा एक बैल असाच एका हेड्याला दिला. रुमालाखाली काय बोलणे झाले ते मला कळले नाही. पण परतीच्या वाटेवर वडील गावापर्यंत एक शब्द बोलले नाहीत, एवढे मात्र पक्के आठवते.

तेव्हापासून या जमातीविषयी माझ्या मनात एक अढी बसून राहिली. पण अढी असली म्हणजे कुतूहलही असते. म्हणून अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतातल्या एका हेड्याची हकीकत वाचनात आली तेव्हा मी ती सोडली नाही. एबल हेड पिअर्स हे त्याचे नाव. दुनिया त्याला ओळखते ‘शांघाय’ पिअर्स म्हणून. आणि वाचता वाचता असे ध्यानात आले, की या गृहस्थाच्या आयुष्याचा शेवटचा धागा थेट आपल्या मुंबई बंदरापर्यंत, किंबहुना कृष्णाकाठापर्यंत येऊन पोचतो. ही गोष्ट मराठी वाचकांना सांगावी असे वाटले ते त्यामुळे.

एबल पिअर्स जन्मला 29 जून 1834 रोजी, ऱ्होड आयलंड या चिमुकल्या संस्थानातल्या लिटल कॉम्प्टन गावी. टेक्सासपासून ही जागा शेकडो कोस दूर. समुद्रकाठची, थंडीची, काटकसरी लोकांची. चौदाव्या वर्षी घरच्यांनी पोराला व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला मामाच्या दुकानात गुमास्ता म्हणून धाडले. मामा मोठा धार्मिक. दुकानातली मापे आणि घरातली प्रार्थना ही दोन्ही त्याला सारख्याच काटेकोरपणे हवीत. भाचा सव्वासहा फुटांवर वाढत गेला आणि आवाज तर त्याहून वाढला. असल्या पोराला मापाच्या शिस्तीत कोण ठेवणार? काही वर्षे त्याने काढली आणि एक दिवस मामाला रामराम ठोकून न्यूयॉर्क गाठले. तिथून 1854 च्या सुमारास टेक्सासच्या इंडियानोला बंदराकडे निघालेल्या एका गलबतात तो लपून बसला. भर समुद्रात पकडला गेला. मग माल चढव, माल उतरव, अशी हमाली करून त्याने भाडे फेडले आणि विशीच्या उंबरठ्यावर हा पोरगा रिकाम्या खिशाने टेक्सासच्या किनाऱ्यावर उतरला.

हे इंडियानोला पुढे 1875 आणि 1886 च्या वादळांत असे उद्ध्वस्त झाले की शहर म्हणून ते उरलेच नाही. पिअर्सच्या आयुष्याची सुरुवातही वादळाच्या गावात आणि शेवटही वादळाच्या वर्षी. पण ते पुढे येईलच.

किनाऱ्यालगत ग्राइम्स नावाचा एक मोठा गुरेवाला होता. पिअर्स त्याच्याकडे कुंपणाची लाकडे फोडायच्या कामावर लागला. पहिल्या वर्षाचा पगार त्याने रोख न घेता गुरांच्या रूपाने मागितला. आपणही कळप उभा करावा ही हौस! मालकाने त्याला गायी दिल्या, पण कोणत्या? म्हाताऱ्या, हाडे निघालेल्या, पुढचा हिवाळा पाहतील की नाही अशा. त्या हिवाळ्यातच खलास झाल्या, असे सांगतात. आता यावर दोन तऱ्हेने वागता येते. एक तर माणूस त्या धंद्याचे नाव टाकतो, नाही तर तोच धंदा मालकापेक्षा चांगला शिकतो. पिअर्सने दुसरा मार्ग धरला. जनावराचा जबडा उघडून पाहिल्याखेरीज व्यवहार करायचा नाही हा धडा त्याला वर्षाच्या मजुरीत मिळाला. तशी शिकवणी स्वस्तच म्हणायची!

ग्राइम्सकडेच तो घोडे पाळीव करणारा, मग कळप हाकणारा, मग मुकादम झाला. न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराला गुरे पोचवू लागला. इथे एक गोष्ट दडवून चालणार नाही. त्याच्या हाताखाली राबणारे पुष्कळ लोक गुलाम होते. माणसेही त्या काळी तिथे गुरांसारखीच विकली जात. उत्तरेकडून आलेल्या या तरुणाला त्यात काही वावगे वाटल्याचे दिसत नाही. 1861 साली यादवी युद्ध पेटले तेव्हा तो दक्षिणेच्या बाजूने ऑगस्टस ब्युकेलच्या टेक्सास घोडदळात गेला. काम काय, तर पलटणीचा खाटीक! पुढे तो स्वतःच गमतीने सांगत असे, की माझा हुद्दा सरसेनापतीसारखाच होता : चाल करताना सगळ्यांच्या मागे आणि पळताना सगळ्यांच्या पुढे.

‘शांघाय’ हे टोपणनाव कुठून आले? त्या काळी अमेरिकेत शांघाय जातीचे उंच पायांचे कोंबडे आले होते. हा लांबटांग्या, आखूड विजारीचा, पायांत मोठमोठ्या आऱ्यांचा गडी त्या कोंबड्यासारखा दिसतो म्हणून कुणीतरी हाक मारली आणि ती चिकटली, असे सांगतात. आरवण्याच्या बाबतीतही साम्य होतेच. त्याच्या आवाजाचा लौकिक असा, की मैदानात अर्ध्या मैलावर ऐकू जावा. घरात कुजबुजायला गेला तरी शेजाऱ्याला कळायचे!

युद्ध संपून 1865 साली तो परतला तेव्हा कळप पांगलेला होता. पण पांगलेला कळप ही त्या किनाऱ्यावर अडचण नसून संधी होती, हे आपल्याकडच्या वाचकाला जरा समजावून सांगायला हवे. टेक्सासची लांब शिंगांची गुरे मूळ स्पॅनिश लोकांनी आणलेली. ती माळावर मोकाट वाढत. मालकी ओळखायची ती तापल्या लोखंडाने मांडीवर दिलेल्या डागावरून. युद्धात पुरुषमाणसे गेल्याने चार वर्षांत अगणित वासरे डागाविना वाढली. डाग नसलेले, आईपासून सुटलेले जनावर सापडेल त्याचे, असा तिथला रिवाज. अशा जनावराला ‘मॅव्हरिक’ म्हणत. तेव्हा ज्याच्याकडे धीट घोडेस्वार, लांब दोर आणि रात्रंदिवस पेटलेली भट्टी, तो सावकार. पिअर्स आणि त्याचा भाऊ जोनाथन यांनी मॅटागोर्डा भागात ‘रँचो ग्रँदे’ नावाचा गोठा थाटला तो याच काळात. आपले कोणते आणि दुसऱ्याचे कोणते याचा विवेक भट्टीच्या धुरात कितपत दिसत असेल, हे वाचकांनीच ताडावे.

पण नुसती गुरे जमवून पैसा होत नाही. टेक्सासमध्ये गुरे उदंड आणि गिऱ्हाईक नाही. ज्या जनावराला जागेवर चार डॉलर मिळायची मारामार, त्यालाच उत्तरेच्या बाजारात चाळीस मिळत. मधे हजार मैलांचे माळ आणि नद्या. किनाऱ्यावर कारखाने निघाले होते. तिथे कातडे आणि चरबी काढून घेत आणि मांस डुकरांना घालीत, नाही तर फेकून देत. 1867 साली जोसेफ मॅकॉय नावाच्या उद्योगी माणसाने कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीन या आडगावी रेल्वेच्या रुळांशेजारी गुरांचे कोंडवाडे बांधले आणि चित्र पालटले. मग दोनदोन, तीनतीन हजारांचे कळप दिवसाला पाचसहा कोसांच्या चालीने उत्तरेकडे निघाले. किनाऱ्यावरच्या दलदलीतून पोहून येणाऱ्या पिअर्सच्या गुरांना वाटेवरचे लोक थट्टेने ‘समुद्रसिंह’ म्हणत.

या खरेदीचे एक दृश्य त्या काळच्या एका गुरेवाल्याने आठवणीत लिहून ठेवले आहे, आणि ते मला फार आवडते. माळावर तळ पडलेला आहे. आसपासच्या मालकांनी आपापली गुरे आणून ठेवली आहेत. दुरून आधी आवाज येतो, मग उमद्या घोड्यावर पिअर्स दिसतो. मागे त्याचा काळा नोकर, सोन्यारुप्याच्या नाण्यांनी लादलेले दुसरे जनावर ओढीत आणतो. थैल्या जमिनीवर धाडदिशी टाकतात. कुणी पहारा करीत नाही, कुणी मोजून ठेवीत नाही. दिवसभर गुरांची निवड आणि मोजदाद चालते. शेवटी एक कांबळे अंथरून त्यावर नाणी ओततात आणि ज्याचे त्याला मोजून देतात. हा नोकर नेपच्यून होम्स, पूर्वी गुलामीत असलेला. पुढे सुमारे पस्तीस वर्षे तो पिअर्सच्या पाठीशी होता. त्याने स्वतः काही लिहून ठेवले असते तर धन्याचे खरे चरित्र आपल्याला वाचायला मिळाले असते, असे राहून राहून वाटते. रुमालाखालचा व्यवहार आणि कांबळ्यावरचा व्यवहार! आमच्या खरसुंडीच्या हेड्याला हे पाहून घेरीच आली असती.

घरचे सुख मात्र फार दिवस नव्हते. 1865 साली त्याने फॅनी लेसीशी लग्न केले. एक मुलगी झाली, मेमी. मुलगा झाला तो तान्हेपणीच गेला आणि 1870 साली फॅनीही गेली. त्यानंतर वर्षभरात काही गुरेचोरांना झाडाला लटकावून फाशी दिल्याचे प्रकरण घडले. खटला नाही, पंच नाही. संशयाचे बोट पिअर्सच्या मंडळीकडे होते. ज्याने स्वतःच्या कळपाची सुरुवात बिनडागी वासरांवर केली, त्याच्या लोकांनी दुसऱ्याला गुरांच्या चोरीसाठी फासावर द्यावे, हा न्याय काही गळ्याखाली उतरत नाही. त्याची चरित्रे लिहिणारे हा भाग जरा घाईने उरकतात. 1871 च्या शरदात पिअर्सबंधूंनी आपला गोठा ॲलन आणि पूल यांच्या पेढीला एक लाख दहा हजार डॉलरला विकला आणि शांघाय कॅन्सस सिटीला जाऊन राहिला. शोकामुळे की वॉरंटाच्या भीतीमुळे, याचा निवाडा ज्याने त्याने करावा. मला दोन्ही खरे वाटते.

सुमारे दीड वर्षाने तो परतला तो वेगळा माणूस होऊन. पहिला शांघाय गुरे जमवीत होता. दुसरा जमीन जमवू लागला. कारणही तसेच होते. 1874 साली ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने काटेरी तारेचे पेटंट घेतले आणि मोकळा माळ संपायला लागला. कुंपण ज्याचे, गवत त्याचे. हे ज्यांना उशिरा कळले ते मोठमोठे गुरेवाले भिकेला लागले. पिअर्सला ते वेळेवर कळले. व्हार्टन परगण्यात त्याने जमीन घ्यायला सुरुवात केली, ती अडीच लाख एकरांपर्यंत. अडीच लाख एकर म्हणजे सुमारे हजार चौरस किलोमीटर. आपली बृहन्मुंबई त्यात मावून वर निम्मीअधिक उरेल! सॅन अँटोनियोचा सावकार डॅनियल सलिव्हन याच्याशी भागीदारी करून त्याने कंपनी काढली. अध्यक्ष पिअर्स, खजिनदार सलिव्हन. 1875 साली त्याने हॅटी जेम्सशी दुसरा विवाह केला.

रेल्वे त्याच्या जमिनीवरून गेली तिथे स्टेशन झाले, स्टेशनाभोवती गाव झाले आणि गावाला नाव पडले पिअर्स. तिथे त्याने देऊळही बांधवले. कुणा पाहुण्याने विचारले, की आपण या चर्चचे का? तर म्हणे त्याने गर्जून सांगितले, की मी चर्चचा नव्हे, चर्च माझे आहे. ही कथा कितपत खरी, देव जाणे. पण अशी कथा ज्याच्या नावावर खपते तो माणूस कसा असेल हे तरी त्यातून कळते. भाऊ जोनाथन मात्र निराळ्या मातीचा. आपल्या भागात अखेर रेल्वे आली याच्या आनंदात त्याने नव्या गावाला ‘देवाची कृपा’ अशा अर्थाचे ‘थँक गॉड’ हेच नाव ठेवायचे ठरवले होते. टपालखात्याने ते नाकारले, तेव्हा ‘ब्लेसिंग’ यावर तडजोड झाली. ते गाव आजही त्याच नावाने आहे.

आता मी ज्यासाठी ही सारी हकीकत सांगायला घेतली तिकडे वळतो.

टेक्सासची गुरे उत्तरेकडे जात तेव्हा वाटेवरच्या गावांची जनावरे पटापट मरत. दक्षिणेची गुरे स्वतः धडधाकट आणि त्यांच्या वाटेवर चरलेली उत्तरेची गाय मात्र तापाने फणफणून, लाल लघवी करीत मरे. याला ‘टेक्सास ताप’ म्हणत. शेतकरी बंदुका घेऊन कळप अडवीत. पुढे कायद्याने सरहद्दी बंद झाल्या. उलट, चांगल्या मांसासाठी विलायती वळू टेक्सासच्या किनाऱ्यावर आणावा तर तोच ताप लागून तो मरे. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. गुरेवाले कुणी श्वासाला दोष देत, कुणी लाळेला, कुणी गवताला. शाळा सोडून पळालेल्या पिअर्सने संशय धरला तो गोचिडावर. त्याने जनावरांच्या अंगावरच्या गोचिडी काढवून प्रयोग करून पाहिले आणि हा ताप गोचिडीचाच असे ठरवले. पुढे 1893 साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबर्न या सरकारी संशोधकांनी ते शास्त्रोक्त सिद्ध करून प्रसिद्ध केले. किड्याकडून सस्तन प्राण्याला रोग जातो याचा तो पहिला पक्का पुरावा. रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो त्यानंतर चार वर्षांनी, 1897 साली.

कारण कळले, उपाय काय? ज्याला गोचीड बाधत नाही असे जनावर शोधायचे. त्यासाठी पिअर्स युरोपभर हिंडून आला. जनावर काही आणले नाही, पण मनाशी एक खूणगाठ बांधून आला : या कामाला येईल तर ते हिंदुस्थानातले वशिंडाचे गुरूच! आपल्याकडच्या गाईबैलांची कातडी सैल, केस आखूड आणि दाट; माशी बसली की कातडी थरथरवून ते ती उडवतात. घाम येतो, उन्हाने ते बेजार होत नाहीत. हे आपण रोज पाहतो म्हणून आपल्याला त्यात विशेष वाटत नाही. पिअर्सला ते वाटले.

पण ते आणायला तो राहिला नाही. मरणाआधीच त्याने फ्रँक टाइक या शिल्पकाराकडून स्वतःचा दगडी पुतळा करवून घेतला आणि कबरस्तानात उंच चौथऱ्यावर उभा केला. आपल्यामागे कुणी आपला पुतळा उभारील याची त्याला खात्री नसावी, आणि व्यवहारी माणसाने उधारीवर काही सोडू नये हेही खरे. त्यानंतर आले 1900 साल. 8 सप्टेंबरला गॅल्व्हेस्टनवर ते भयंकर वादळ कोसळले; निदान सहा हजार माणसे दगावली. ते वादळ, एका बँकेचे बुडणे आणि एक तोट्याची रेल्वे विकत घेणे, अशा तीन फटक्यांत पिअर्सचे साडेबारा लाख डॉलरहून अधिक गेले. 26 डिसेंबरला मेंदूतल्या रक्तस्रावाने तो वारला. वय सहासष्ट.

त्याच्या मिळकतीचा कारभार भाचा एबल बोर्डन याच्याकडे आला. मामाच्या दुकानातून पळालेल्या भाच्याची इस्टेट शेवटी भाच्यानेच सांभाळावी, हा योग मजेचा. हा भाचा मात्र पळाला नाही. मामाची अपुरी इच्छा त्याने पुरी केली. टॉम ओकॉनर या शेजारच्या गुरेवाल्याची साथ घेऊन, परदेशी जनावरे आणण्याची परवानगी मिळवण्यासाठी खुद्द अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची मदत घेऊन, तो हिंदुस्थानात आला. स्वतः निवड करून त्याने 51 जनावरे घेतली आणि 1906 साली ती मुंबईहून अमेरिकेकडे निघाली. त्या जनावरांचे सौदे कुणी जमवून दिले, कोणत्या हेड्याने रुमालाखाली साहेबाची बोटे दाबली, याची नोंद कुठे असेल तर ती वाचायला मी कितीही लांब जाईन!

न्यूयॉर्क बंदरातल्या एका बेटावर ती विलग ठेवली. तिथे रक्त तपासता काहींत ‘सुरा’ हा रोग निघाला. याचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या गोऱ्या पशुवैद्याने 1880 साली आपल्याकडेच, सरहद्द प्रांतात डेरा इस्माइल खानला शोधला होता. अमेरिकेत तो पसरला तर घोडे आणि गुरे दोन्हींचा निकाल, म्हणून सरकारी पशुवैद्यांनी कठोर पहारा ठेवला. अठरा जनावरे मारावी लागली. उरली तेहतीस : तीस वळू आणि तीन गायी. एवढीच काय ती टेक्सासला पोचली.

पुढचा विस्तार मोठा आहे, थोडक्यात सांगतो. ही आणि इतर वाटांनी आलेली जनावरे यांच्या संकरातून जी जात सिद्ध झाली तिला 1924 साली संघ स्थापून रीतसर नाव दिले ‘ब्राह्मण’. नाव ऐकून पुण्यातल्या माझ्या एका मित्राला हसू आवरेना. गोमांसासाठी वाढवलेल्या जनावराला हे नाव! पण त्या लोकांना त्यात थट्टाही नव्हती आणि आदरही नव्हता. हिंदुस्थानचे ते ब्राह्मण, इतकाच त्यांचा हिशेब. या जातीच्या घडणीत गीर आहे, कांकरेज आहे, ओंगोल आहे आणि थोडी कृष्णाकाठचीही आहे. ही ‘कृष्णा व्हॅली’ जात गेल्या शतकाआधीच्या शतकात दक्षिण महाराष्ट्रातल्या संस्थानिकांनी, सांगली-मिरजेच्या काळ्या चिकण जमिनीत नांगर ओढायला म्हणून, संकर करून तयार केली. तिकडे तिचे रक्त वाढले. इकडे ट्रॅक्टर आले आणि ती जात फार थोड्या गोठ्यांत उरली.

मागल्या उन्हाळ्यात गावी गेलो होतो. वडील आता नाहीत. त्यांच्या बरोबरीचे एक वृद्ध शेजारी आहेत, त्यांना मी ही सारी हकीकत सांगितली. अडीच लाख एकर ऐकून ते नुसते हसले, पुतळ्याच्या गोष्टीला त्यांनी मान हलवली. तेहतीस जनावरांपाशी आलो तेव्हा मात्र ते सरसावून बसले आणि एकच विचारले,

“तीन गायी म्हणतोस. त्यातली दुभती किती होती रे?”